प्रश्न क्रमांक सात

आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?
मी विचारलं, सराव म्हणून, घरच्या घरी.
कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत
आप्पा टॉवेलनं मान पुसत होते.
"व्यायाम? छ्या," म्हणाले, "कुठला येळ आपल्याला."
फॉर्मवर मी शून्य लिहिलं
आणि पेन तसंच धरून बसले.

शून्य, त्या माणसापुढं
जो पहाटे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून उभा राहतो,
वरून टोळीतला कुणीतरी गोणी सोडतो,
पन्नास किलो,
आणि तो गुडघ्यात एवढासा वाकून ती झेलतो,
पोर पाठुंगळी घ्यावं तशी.

दिवसाला किती?
"मोजतो मुकादम," म्हणाले. "आपण वाहायच्या."

आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर.
तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर धावायचं,
श्वासात किती ऑक्सिजन खर्ची पडला ते पडद्यावर उमटतं.
चिमट्यात धरून दंडाची चरबी मोजायची,
कोनमापकानं गुडघ्याचा वाक.
पहिल्या वर्षी मी दोनशे सहा हाडं पाठ केली,
स्वैपाक करता करता, आईला ऐकवत.
लोखंडे मॅडम म्हणाल्या, नावं राहू द्या, भार बघा.
कुठून येतो, कुठं उतरतो, कुठं अडकतो.

कुठं अडकतो ते आईला ठाऊक होतं.
रोज रात्री तिचा अंगठा
निलगिरीच्या तेलासकट
बरोबर त्याच मणक्यावर जायचा.
तिला नंबर माहीत नव्हता. मी सांगितला.
"असू दे," म्हणाली, "उजेड तेवढा घालव."

शेजारच्या मोकाशी काकू विचारतात,
म्हणजे शेवटी जिमवालीच ना गं तू?
मी हो म्हणते, लिफ्ट येईपर्यंत तेवढंच सांगून होतं.
निहार नेरूळला क्रिकेट अकादमीत लागला,
पोरांचे खांदे किती चेंडूंनंतर दमतात ते लिहून ठेवतो.
फरहीन मुंब्र्याच्या शाळेत खेळ शिकवते,
मैदान नाही, म्हणून गच्चीवर.
रूपेश खारघरच्या जिममध्ये रात्री अकराला
लोकांनी टाकलेले डंबेल जागेवर लावतो.
त्याची पदवी काउंटरमागं फ्रेम करून टांगलीय, मालकानं.
पगाराचं विचारलं की तो हसतो.

आणि मी वाशीच्या इस्पितळात,
छातीवर टाके पडलेल्या माणसांना
चालायला शिकवते.
केळुसकर साहेब मनगटावरचं घड्याळ दाखवतात,
आज सहा हजार पावलं!
मी म्हणते, घड्याळ राहू दे. चालताना बोलता आलं पाहिजे.
वाक्य मध्येच तुटलं, तर वेग कमी करा.
साधी कसोटी आहे, यंत्राशिवायची.

हे रोज सांगते मी, दिवसातून दहादा.
आणि परवा, सांगता सांगता, थांबले.
गोणी पाठीवर असताना
आप्पा कधी बोललेले मला आठवेना.
सत्तावीस वर्षं.
लहानपणी डबा द्यायला गेले की वाटायचं रागावलेत.

रविवारी त्यांना निसर्ग उद्यानात नेलं.
रिकाम्या हातांचं काय करायचं त्यांना कळेना,
शेवटी मागं नेऊन कमरेवर ठेवले,
काहीतरी धरून ठेवल्यासारखे.
"बोला ना आप्पा काहीतरी."
"काय बोलू?"
अर्धी फेरी तशीच गेली.
मग म्हणाले, सध्या माल ओला येतोय,
गोणी जड लागती.
मग म्हणाले, गावाकडं हिंदुरावनं बोअर मारली.
मग, "ह्याचं पैसं मिळत्यात तुला? मानसं चालवायचं?"
"मिळतात."
"बरं हाय की."

वळणावर एकदम थांबले.
बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकले,
वेळ लावला.
मी झाडाकडं बघत राहिले.
पायात त्यांच्या चप्पल होती.