बारा चौकटींचा एक सेकंद

ब्रिस्टल, बेडमिन्स्टरमधलं एक गॅरेज.
आधी इथे कुणाची तरी मोटारसायकल पडून होती,
फरशीवर अजून कोकणपट्टीसारखा लांबट तेलाचा डाग आहे.
इथे आम्ही तिघी एका बाईला चालवतोय.
ती वीतभर उंच, पोटात ॲल्युमिनियमची तार.
बसथांब्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला
तिला अकरा दिवस लागले.

मेणमातीच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'त्वचा'.
फोडलं तर आत गुलाबी.
कुणाची? होदान म्हणाली.
मेरिन हसली, नुसते खांदे हलवून.
तिला ऐकू येत नाही
आणि आमच्यात सगळ्यात जास्त तीच बोलते.

मग तपकिरीत केशरी मळला,
चिमूटभर हिरवा,
आत्याच्या मनगटावरचं गोंदण
कातडीच्या आतून तसंच दिसायचं म्हणून.
थालीपिठाच्या पिठासारखा गोळा झाला.
दिव्याखाली उभी केली,
तर चेहरा गायब.
दोन डोळे, बाकी काळोख.

जाणकार फोनवर म्हणाले,
थोडी उजळ करा की तिला.
थोडी उजळ.
हे मी चिपळुणात ऐकलं होतं, साय-हळदीसकट,
स्थळं सांगून येत होती तेव्हा.
मी विमानानं आले.
शब्द माझ्याआधी पोचले होते.

आम्ही माती नाही बदलली,
दिवा सरकवला.
डावीकडून, जरा खालून, मध्ये बटरपेपर,
आणि गालाचं हाड
भरती ओसरल्यावर खडक दिसावा तसं वर आलं.
रात्रीचा दीड वाजला होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
होदाननं चिप्सची पिशवी फोडली.

बाईचे हात मेरिनच्या ताब्यात.
'वाट पाहणं' या खुणेला सतरा चौकटी लागतात.
मी सातांत उरकलं होतं.
मेरिननं सगळं पुन्हा करायला लावलं:
अशी ही बोबडी बोलते.

आवाज होदानचा. म्हणजे तिच्या आईच्या शिवणयंत्राचा,
ईस्टनमधल्या मागच्या खोलीत टिपलेला.
मध्येच तो चाळीस सेकंद थांबतो.
कुठे थांबायचं
ते मेरिननं ठरवलं, स्पीकरवर तळहात ठेवून.

अनुदानाच्या अर्जात रकानेच रकाने.
तिघींनी मिळून इतक्या खुणा केल्या
की कागद ठिपक्यांच्या रांगोळीसारखा दिसू लागला.
आपण कोणत्या समाजाचं प्रतिनिधित्व करता?
होदाननं लिहिलं, बस चुकलेल्यांचं.
मी ते खोडलं.
पैसे हवे होते.
काय लिहिलं त्याऐवजी, आता आठवत नाही.
तिचंच आठवतं.

महोत्सवात आम्हाला 'इतर आवाज' या गठ्ठ्यात बांधलं,
रविवारी सकाळी साडेनऊ,
बंदरालगतच्या जुन्या गोदामात.
नऊ माणसं. एक झोपलेला.
मोठ्या पडद्यावर बाईच्या गालावर
आमच्या अंगठ्यांचे ठसे दिसले,
दर चौकटीला वेगळे, मुंग्यांची रांग जावी तसे.
पुसायचे राहिले हो, मी नंतर सांगत सुटले,
कुणी विचारलं नव्हतं तरी.

पुढच्या रांगेत एक पोरगी,
आईचा कोट पांघरलेली, सात-आठ वर्षांची.
दिवे लागले तरी उठेना.
'वाट'ची खूण करून बघत होती, पुन्हा पुन्हा,
हात उलटा.
मेरिन खुर्च्यांमधून वाट काढत गेली,
गुडघ्यांवर बसली,
आणि तिचं मनगट धरून
हळूच सरळ केलं.