सातवा रकाना

सातव्या रकान्यात त्यांनी विचारलंय :
पार्श्वभूमी, आवडीनिवडी, कलेतली अभिरुची.
जागा दिली आहे साडेतीन ओळींची.

नाव संपदा लिपारे. राहणार वडगाव, बेळगाव.
पार्श्वभूमी म्हणजे पाठीमागचं ना?
माझ्या पाठीमागे अठरा वर्षं यंत्रमाग होता.
भिंतीला टेकून बाराखडी गिरवली,
ती भिंतीसकट हलत होती.
अजून माझा 'र' थोडा थरथरतो;
ड्राफ्टिंगच्या मॅडमनी लाल पेनानं गोल केलाय त्याला.

आमच्या घरात खिडकी माणसांसाठी नव्हती.
ती होती ताण्यासाठी,
तुटलेला धागा कुठं लोंबतोय ते दिसावं म्हणून.
उजेड आधी सुतावर पडायचा,
उरला तर आमच्या ताटात.
कॉलेजात याला टास्क लायटिंग म्हणतात.
आई म्हणते, काय की बाई,
आम्ही त्याला दिवस म्हणायचो.

आवडीनिवडी.
सर पडद्यावर खोल्या दाखवतात,
पांढऱ्या, पांढऱ्याहून पांढऱ्या,
एक खुर्ची, एक वाळकी फांदी, माणूस नाही.
सगळा वर्ग वा म्हणतो.
मी मनात विचारते, यांचे डबे कुठं असतात,
पावसाळ्यातल्या चपला,
पाहुणे आले की गाद्या कुठनं काढतात?
पण खोटं कशाला बोलू, मलाही आवडते ती फांदी.
घरी आणून एक उभी केली होती बरणीत.
धाकट्यानं तिच्यावर मोजे वाळत घातले.

अभिरुची. हे लिहिताना तीनदा खोडलं.
गोकाकचं लाकडी केळं, शोकेसमधलं.
मावशीच्या पोरानं त्यात दात रुतवलेले,
त्या दोन खुणा मला केळ्याहून खऱ्या वाटतात.
खानापूरचं एक कौल,
खाली झोपून बघितलं तरच दिसणारं,
ज्याच्या पोटात कुणाचा तरी अंगठा भाजून निघालाय.
आणि इराप्पा पेंटर.
शहापुरातल्या किराणा दुकानाची पाटी त्यानं तीनदा लिहिली.
आधी मराठी.
मग वर कन्नड, खाली मराठी.
मग नोटीस आली, वरचं आणखी मोठं, खालचं आणखी बारीक.
उन्हाळ्यात रंगाचे पोपडे उडतात
आणि सगळ्यात तळातल्या 'ळ'चं पोट बाहेर येतं.
क्लासला जाताना मी तिथं सायकल थांबवते.
एकदा विचारलं, मामा, तुम्हाला कुठली जमली म्हणायची?
ब्रश रॉकेलमध्ये घोळवत म्हणाला,
तिसरी. तिचेच पैसे वेळेवर मिळाले.

मार्चमध्ये आमचा माग गेला. किलोवर.
अनगोळचा भंगारवाला काटा घेऊन आलेला.
बाबा काट्याकडं बघत नव्हते,
हातात एक धोटा धरून उभे होते,
तो वजनात धरायचा राहून गेला.
आता फरशीत चार बोल्टांची भोकं आहेत,
तेलाचा काळा चौकोन, फिनेलला न जुमानणारा,
आणि इतकी शांतता
की शेजारच्यांचा माग आमच्या घरात चालतो.

बाबा म्हणाले, तू शिकतेस की हेच,
सांग मग, इथं काय ठेवायचं?
मी मापं घेतली. अकरा फूट बाय साडेसात.
तीन आराखडे काढले.
एकात दिवाण. एकात कुंड्या.
तिसऱ्यात काहीच नाही, तो सरांना आवडला असता.
बाबांनी तिन्ही बघितले,
चष्मा काढून, पुन्हा चष्मा घालून,
आणि विचारलं, यात भोकं कुठं दाखवलीस?

साडेतीन ओळी केव्हाच संपल्या.
मागच्या पानावर लिहिते आहे, चालेल ना?
चौथा आराखडा अजून झालेला नाही.
सध्या तिथं आईनं
ब्याडगी मिरच्या पसरल्यात, देठं खुडायला.
खिडकीतला सगळा उजेड त्यांच्यावर,
आणि मिरच्या नसतात तेव्हाही बाबा
त्या चौकोनाला वळसा घालून
मोरीकडं जातात.