दोन बोटं माया

पहाटे साडेतीन. जोगेश्वरीचा तबेला.
खुंट्यापासून म्हशीच्या गळ्यापर्यंत
मी वडिलांचा टेप धरतो, शिंप्याचा, पिवळा.
पहिले तीन इंच कधीच तुटून गेलेत,
म्हणून दर मापातून तीन वजा करायचे.
पावतीवर वजाबाकीचा रकाना नसतो.

दावं: दोन फूट चार.
नियम म्हणतो, जनावराला मान वळवून
स्वतःची पाठ चाटता आली पाहिजे.
(हे ज्याने लिहिलं त्याला मी मानतो.)

मी कार्बन सरकवेपर्यंत
रामसमुझ यादवने मापाखालचा डबा उघडलेला असतो.
पेंड, भुसा, लाइटबिल, आणि मी.
अठ्ठ्याऐंशी म्हशी, एक पावती.
लिटरमागे किती पडतं
ते त्याच्या पोराने मोबाइलवर काढलंय,
मलाही दाखवलं, हसत.
वाईट माणसं नाहीत. म्हशींना नावं आहेत.

दुपारी देवनारच्या भिंतीकडेला हुस्नाबी मुकादम.
दोन शेळ्या, गटाराच्या पाइपाला, एकाच दोराच्या दोन टोकांना.
दोन फूट चार.
तोच रकाना, तोच आकडा.
"लांब सोडली की टँकरखाली जाते, साहेब.
गेल्या साली एक गेली ना."
तिने शेजारणीकडून तीनशे आणले, बाकी चिल्लर.
मुदत द्यायची सोय नाही.
जागच्या जागी म्हणजे जागच्या जागी.

पंधरा दिवसांनी गेलो तर शेळी एकच.
दोघींचा दोर एकटीला,
आरामात पाठ चाटत होती.
मी वहीत लिहिलं: सुधारणा दिसून आली.

कोर्टाचं कौतुक मला सांगू नका.
तिथली पहिली तारीख लागेपर्यंत
म्हैस भाकड झाली, विकली गेली,
आणि शपथेवर मी
एका रिकाम्या खुंट्याबद्दल बोलत राहिलो, अर्धा तास.
त्यापेक्षा पावती बरी, असं मीच
साहेबांना लिहून दिलं होतं. अजूनही देईन.
फक्त

वडील कापड बेततांना
शिवणीत दोन बोटं माया सोडायचे.
वाढत्या पोराला तीन.
लग्न ठरलेल्या मुलीला विचारून.
सावकाराच्या कोटाला अजिबात नाही,
तो नवा शिवेल, म्हणायचे.
माप सगळ्यांचं एकाच टेपने घ्यायचे,
पण कात्री लावण्याआधी
एकदा माणसाकडे बघायचे.

माझ्या पुस्तकात पन्नास पावत्या,
आकडा आधीच छापलेला.

आज पुन्हा तबेला.
एकोणतीस नंबरची, नाव चंपाकली,
मान वळवते, जीभ काढते,
पाठीपर्यंत पोचत नाही.
मग जे पोचतं ते चाटते:
माझं मनगट, टेप,
पुसट झालेला सातवा इंच.