ज्याने उघडलं त्याने

दुपारी दोनला आडतीवरून विरूपाक्षअप्पांचा फोन:
"ताई, पट्टी निघंना की वो.
तुरीचा सौदा झालाय, मापं झाली,
माणसं ओट्यावर बसून हायेत
अन् तुमचं चक्र नुसतं फिरायलंय."

पाहिलं. डेटाबेसच्या दारात
शंभर कनेक्शनं, शंभरही उघडी,
एकातही कुणी बोलत नव्हतं.
एकशे एकावं बाहेर उभं,
हातात तोलाईचा आकडा घेऊन.

सर्व्हर झोपवला, उठवला. पट्ट्या निघाल्या.
मग औसा रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांत
(खाली टायरचं दुकान, वर आम्ही चौघं)
मी सगळ्यांना फळ्यापाशी बोलावलं.

'कॉमन' नावाचं एक फोल्डर आहे आमचं.
त्यात 'कॉमन_नवा'. त्यात 'कॉमन_नवा_खरा'.
हमाली कापायची रीत तीन जागी, तीन तऱ्हेची:
एक पैसे वर ढकलते, एक खाली,
तिसरी काय करते ते इर्शादलाही सांगता येईना,
आणि ती त्यानंच लिहिलेली.
सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही.

लिहायला घेतलं:
हमाली एकदाच, एकाच जागी, खाली नाव.
सामायिक फाईलला हात लावण्याआधी
ती वापरणाऱ्याला विचारावं.
ज्याने उघडलं त्यानेच लावावं,
मधे चूक होवो, वीज जावो, सौदा मोडो.

हणमंत म्हणाला, "हे तर मच्छिंद्रमामाचं झालं."

मच्छिंद्रमामा आमच्या गल्लीचा व्हॉल्ववाला.
आठ दिवसांनी पाणी सोडतो.
लुनाला बांधलेली लांब लोखंडी चावी, आणि वही:
सोडलं पाच दहा, बंद सहा पाच.
पोरीला ताप भरला तेव्हा दवाखान्यात गेला,
पण आधी भावाच्या हातात चावी देऊन:
"सहा पाच. सहा सहा न्हाई."
उघडं राहिलं तर पलीकडची गल्ली कोरडी.
तिथं त्याला कुणी ओळखत नाही.
बंद तो त्यांच्यासाठी करतो.

रात्री सगळे गेल्यावर शोधायला बसले,
दार कुणी उघडं ठेवलं.
मनात एक नाव धरूनच बसले होते.
जुन्या नोंदी उलगडत मागे गेले,
यंदाची तूर, मागचं सोयाबीन, त्याच्या मागची करडई,
पार पावतीच्या छपाईपर्यंत.
कागद संपला की तिथूनच माघारी फिरणारी एक ओळ,
दार न लावता.
नाव माझं. नोकरीचा अकरावा दिवस.
शेजारी माझीच टीप: 'सध्या चालतंय.'

टायरवाल्यानं खाली शटर ओढलं.
ओळ दुरुस्त केली. नोंदीत काय लिहावं सुचेना.
लिहिलं: 'बंद केलं. सहा वर्षं उशिरा.'

उठताना पंखा बंद केला, दिवा बंद केला.
अर्ध्या जिन्यातून परत वर जाऊन पाहिलं.
केला होता.