मोजपट्टी

कमिटी तपासणीला येणार म्हणून
सलूनवाल्या दिगांबरची खुर्ची मागून आणली.
रात्रीतून पांढरा रंग मारला, तो वाळला नाही,
साहेबांच्या पँटीला लागला.
तरी एमडीएसच्या दोन जागा मिळाल्या बाप्पा.

पहिल्या बॅचला दोघंच, टेंभुर्णे अन् लांजेवार मॅडम.
संत्र्याच्या सालीवर टाके घालायला शिकले.
आतली संत्री मी खायचो,
डिसेंबरभर हाताला तोच वास.

पेशंट यायचे पहिल्या एसटीनं,
खिशात खर्र्याची पन्नी.
आ करा म्हटलं तर एक बोट जाईना.
मॅडम दातांमध्ये पट्टी धरायच्या,
मी रजिस्टरात लिहायचो:
चौदा मिलिमीटर. अकरा.
सुकरू मडावी, नऊ.

ऑपरेशननंतर सुकरू ओसरीत बसून
आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायचा, एकावर एक.
एक वाढली की मला हाक मारायचा,
डोळ्यांत पाणी, तोंडात अकरा काड्या.

आता जागा बारा. पहिल्या बॅचचा फोटो भिंतीवर.
त्यात मी नाही, खुर्ची आहे.
नवी पोट्टी विचारतात, कोणत्या कंपनीची?

परवा त्यातल्याच एकीनं
माझ्या तोंडाला पट्टी लावली
अन् गप्प झाली.
मीच म्हटलं,
लिही पोरी, सतरा.