रिकामी उतरण

चांबेच्या पठारावरून खाली यायला
पाच तास लागायचे, खांद्यावर फळी असली की.
ओली फळी, माझ्याहून दीड हात लांब.
वळणावर आधी तिला वळवायचं,
मग स्वतःला.
तेरा वर्षांचा होतो तेव्हा पहिली आणली.
बापानं पैसे दोनदा मोजले
आणि मला भाजलेलं कणीस दिलं, अख्खं.

सीडरचा वास सदऱ्यात राहायचा.
आई तो सदरा धुवायची नाही,
कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवायची,
कसर लागत नाही म्हणून.
वाळवी त्या लाकडाला शिवत नाही.
आमच्या गावातली माणसं मातीत गेली,
दारं तशीच आहेत.

झाडं संपत होती ते कळलं नाही, असं नाही.
कळत होतं. वाट लांबत होती.
चांबेनंतर लिचेन्या,
मग सापिट्वाच्या कुशीतली घळ,
जिथं जाऊ नये म्हणतात.
एकदा करवती घेऊन वर गेलो
आणि करवतीच घेऊन खाली आलो.
त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही.
फानिझो तेवढा हसला, उगाच.

आता लिखुबुलाच्या रोपवाटिकेत
एनिफा मला चाळीस रोपं मोजून देते,
वहीत अंगठा घेते.
फळ्यांसाठी कुणी कधी अंगठा घेतला नव्हता.
तिचा नवरा माझ्या पुढे चालायचा,
त्याची टाच मला अजून ओळखू येईल.
ती त्याविषयी काढत नाही, मीही नाही.

रोप बोटाएवढं, निळसर,
दाढी न आलेल्या पोराच्या गालासारखं मऊ.
नुसत्या मातीत जीव धरत नाही.
जुन्या खोडाजवळची मूठभर माती लागते.
जुनी खोडं कुठं आहेत, ते साहेबांच्या नकाशात नाही.
मला पाठ आहेत.
हे आम्ही कापलं, ते फानिझोच्या भावानं,
हे रात्री, कंदिलावर, घाईत,
म्हणून बुंधा असा तिरका.
गुडघे टेकून माती खरवडतो.
बाजूला कुणी असेल तर त्याला वाटावं
प्रार्थना चालली आहे.
नसते.

मागच्या वर्षीच्या चाळिसांतली एकतीस वाळली.
शिकाऱ्यांनी उंदरांसाठी गवत पेटवलं, त्यात सहा गेली.
तीन आहेत.
मोझांबिककडून चिपेरोनीचं धुकं येतं,
आठवडाभर झिमझिमतं,
तेव्हा मी अंथरुणात त्या तिघांचा विचार करतो,
पोरांचाही करतो, पण नंतर.

चढताना ठीक असतं.
उतरताना पाय चुकतो.
इतकी वर्षं वजनानं पाऊल टाकायला शिकवलं,
आता वजन नाही तर दगड हलतात.
डावा खांदा खालीच राहिला आहे.
वळण आलं की अजून थांबतो,
आधी तिला जाऊ देतो.