दोन गरम, एक थंड

दुबई म्हणजे एक गरम.
लंडन एक गरम, आणि उतरायच्या आधी
पुठ्ठ्याच्या डबीतलं काहीतरी.
न्यूयॉर्क दोन गरम, एक थंड.
बावीस वर्षं मी अंतर असंच मोजते
सहारच्या फ्लाइट किचनमध्ये, चार डिग्रीच्या खोलीत,
मे महिन्यात स्वेटर घालून.

किलोमीटर डिमेलो साहेबांना पाठ.
साडेबारा हजार, ते म्हणाले,
आणि नकाशावर पेन सरळ न नेता
उत्तरेकडून वाकवून नेलं.
मी म्हटलं, वाकडं कशाला? समोर समुद्र मोकळा पडलाय.
तर म्हणाले, बाई, नकाशा ही पोळी,
पृथ्वी टम्म फुगलेली पुरी.
पुरीवरून जवळची वाट वाकडीच असते.

तृप्ती गेली त्या रात्री माझी ड्यूटी.
रजा मागितली होती. तिघी तापानं आडव्या.
तिचे बाबा आणि मावशी काचेपर्यंत गेले,
मी त्याच विमानाची ताटं लावली.
तीनशे बारा.
तिची सीट एक्केचाळीस, खिडकीची,
पण ताटावर सीट लिहिलेली नसते.
घरचं काही आत सरकवायचं नाही,
आवळ्याची एक फोडसुद्धा नाही,
वर कॅमेरा, दारात सील लावणारा.
मग करणार काय,
तीनशे बाराही ताटांत काकडी नीट लावली.
लोण्याचा चौकोन सरळ.
पाव उपडा पडला तर सुलटा.
शाहीन ओरडली, बेल्ट तुंबलाय गं,
आज काय लग्नाची पंगत आहे का?

साडेबाराला गाडी विमानाकडे गेली.
दीडच्या सुमाराला पत्रे थरथरले.
ते तर दर तीन मिनिटांनी थरथरतात.
आतून ओळखता येत नाही, कोण गेलं.

ती आठला उतरली. सकाळच्या आठला.
दीड ते आठ, साडेसहा तास!
मी म्हटलं, एवढंच?
गुहागरला जायला एसटी याहून जास्त घेते.
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं,
आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच.
मधले साडेनऊ तास
वाटेत कुठेतरी उतरले असणार,
त्यांना घ्यायला कुणी आलं नव्हतं.

फोनवर पहिलं तेच विचारलं, जेवलीस का?
म्हणाली, आई, झोप लागली गं, दोन्ही वेळा.
त्यांनी उठवलंच नाही.
एकदा डोळा उघडला तर
शेजारचा माणूस काकडी खात होता.
एकेक चकती. किती आवाज!

तिसऱ्या दिवशी रिकाम्या गाड्या धुवायला आल्या,
तिथल्या किचननं भरलेल्या,
येताना कुणी कुणी खाल्लेल्या.
उष्ट्याला हात लावायचा नाही,
ते सगळं भट्टीत जातं, नियम आहे.
तरी धुण्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले.
एक ताट कुणी उघडलंच नव्हतं.
झाकणातून दिसलं सॅलडचं पान,
तिथल्या मातीतलं,
कडेनं काळवंडलेलं, मध्ये अजून ताठ.
सोळा तासांत पान एवढंच मरतं.

लावलं असेल कुणा बाईनं,
तिच्याकडे रात्र असताना, स्वेटर घालून.
टोमॅटोची फोड जरा तिरकी बसली होती.
मी असते तर सरळ केली असती.